चोपदार आणि घंटा : दिव्याच्या गाडीचा मराठवाड्यातला इतिहास

विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "सर, पोलिसाच्या गाडीनं सिग्नल तोडला, यात इतिहास कुठं आला?" प्रश्न बरोबर आहे. नांदेडच्या वजिराबादला किंवा लातूरच्या गांधी चौकात दहा मिनिटं उभं राहा. विनाहेल्मेट शिपाई दिसेल. एकेरी रस्त्यात उलटी घुसलेली सरकारी बोलेरो दिसेल. सायरन वाजवत जाणारी आणि पुढच्या चौकात सायरन बंद करून निवांत वळणारी गाडीही दिसेल. याची तक्रार चहाच्या टपरीवर रोज होते. मला आज त्या तक्रारीच्या मागं जायचंय. नियम मोडायची मुभा मुळात कुणाला मिळाली, कशासाठी मिळाली, आणि आपल्याकडं ती इतकी सैल कशी झाली?

जुन्या शहरांत रस्ता मोकळा करणारे आवाज दोन होते. एक चोपदाराचा. सरदाराची, जहागीरदाराची स्वारी निघाली की पुढं चांदीची काठी घेतलेला माणूस ललकारी देत चालायचा आणि लोक बाजूला व्हायचे. दुसरा आवाज आगीच्या बंबावरच्या घंटेचा. ती वाजली तरी लोक बाजूलाच व्हायचे. रस्त्यावरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार, माणसं हटली आणि रस्ता रिकामा झाला. पण चोपदार सांगत होता, कोण येतंय. घंटा सांगत होती, कुठंतरी जळतंय. आजच्या व्याख्यानात एवढा एकच फरक ध्यानात ठेवा, बाकीचं त्यातूनच येतं.

घंटेच्या हक्काची किंमतही मोजलेली आहे, हे विसरू नये. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. जो आगीकडं धावतो त्याला रस्ता द्यायचा, यावर जगात कुठंही वाद नाही.

आता आपल्या मुलखाकडं या. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. ब्रिटिश हिंदुस्थानातला १९३९ चा मोटार वाहन कायदा इथं आपोआप लागू होत नव्हता. पण कायद्याच्या कलमांपेक्षा रीत महत्त्वाची होती, आणि रीत चोपदाराची होती. हैदराबादेत निजामाची मोटार निघाली की शिट्ट्या वाजायच्या आणि रस्ता थांबायचा. ४ डिसेंबर १९४७ ला नारायणराव पवारांनी मीर उस्मान अली खानाच्या गाडीवर बॉम्ब टाकला, तो किंग कोठीहून निघालेल्या अशाच स्वारीवर. निजाम वाचला. बघा, इतिहासाच्या पुस्तकात आपण ही घटना मुक्तिसंग्रामाच्या प्रकरणात वाचतो. ती रस्त्याच्या प्रकरणातही वाचायला हरकत नाही. ज्याच्यासाठी रस्ता थांबतो, तो कधी कुठून जाणार हे सगळ्या गावाला कळतं.

जिल्ह्यात तीच रीत लहान प्रमाणात. अव्वल तालुकदार म्हणजे आपला आजचा कलेक्टर. त्याचा दौरा निघाला की वाटेवरच्या गावांनी बैलगाड्या द्यायच्या, गवत-लाकूड द्यायचं, माणसं वेठीला द्यायची. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'साहेबाचा दौरा' हा शब्द अजूनही जरा घाबरूनच येतो. रस्ता, गाडी आणि माणूस हे सगळं साहेब येईल तेव्हा साहेबाचं, असा तो व्यवहार. वेठ कायद्यानं गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी गेली. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. पण साहेबाला आधी जाऊ द्यायचं ही सवय काही राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानं जाणार नव्हती. ती बैलगाडीतून उतरली आणि जीपमध्ये बसली.

ही जीप आपल्या कायद्याच्या इतिहासात एकदा फार महत्त्वाची ठरली. गोष्ट आपल्याकडची नाही, उदयपूरची आहे. पण तेही संस्थानच होतं, म्हणून सांगतो. फेब्रुवारी १९५२. कलेक्टरची जीप दुरुस्तीला गेली होती. संध्याकाळी ड्रायव्हर ती कारखान्यातून परत आणत होता. जोरात होता. पायवाटेनं चाललेल्या माणसाला त्यानं उडवलं आणि तो माणूस तीन दिवसांनी दवाखान्यात वारला. मागं विधवा आणि लहान मुलगी. त्यांनी सरकारवर दावा लावला. सरकारचं म्हणणं काय, तर ही जीप कलेक्टरच्या कामासाठी ठेवलेली, म्हणजे राज्याच्या सार्वभौम अधिकाराचा भाग, तेव्हा आम्ही भरपाई देणं लागत नाही. राजाच्या हातून चूक होत नाही, हा जुना सिद्धांत लोकशाहीतलं सरकार एका रिकाम्या जीपसाठी सांगत होतं! जीपमध्ये कलेक्टर नव्हता, आग लागली नव्हती, चोर पळत नव्हता. गाडी गॅरेजमधून येत होती.

१९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती या नावानं कायद्याचे विद्यार्थी तो निकाल वाचतात. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. नोकराच्या निष्काळजीपणाला जसा इतर कुणी मालक जबाबदार, तसंच सरकारही. भरपाई १५ हजार रुपये. आज रक्कम किरकोळ वाटेल, पण सरकारी गाडीचा ड्रायव्हर हा ड्रायव्हरच आहे, हे या देशात त्या निकालानं पक्कं झालं.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न त्याआधीच न्यायालयापुढं आला होता, आणि तोही घंटेच्या बाजूनं. १९३८ च्या एका खटल्यात लंडनच्या बंबवाल्यानं लाल सिग्नल ओलांडून अपघात केला. तो आगीकडंच चालला होता, तरी न्यायालयानं त्याला निष्काळजी ठरवलं. १९५९ मध्ये मोटारसायकलवरच्या पोलिसाबद्दल निकाल आला की वेगमर्यादेतून सूट आहे, पण काळजी घेण्याची जबाबदारी सामान्य माणसाइतकीच. म्हणजे वेग वाढवायची परवानगी वेगळी, माणसाला ठोकायची परवानगी वेगळी. दुसरी कुणालाच नाही.

आपल्या कायद्यात मात्र सरकारी गाडीला एक सवलत गुपचूप राहिली. तुमच्या-माझ्या गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा. सरकारी कामासाठी वापरलेल्या केंद्राच्या आणि राज्याच्या गाड्यांना नाही. १९८८ च्या कायद्यात कलम १४६ मध्ये हे आहे. कारण असं की सरकार स्वतःच पैसे द्यायला समर्थ आहे. ते समर्थ आहेच, पण ज्यांनी सरकारकडून पैसे वसूल केलेत त्यांना विचारा किती चपला झिजल्या.

आता लाल दिवा. जगात हा दिवा घंटेचा भाऊ म्हणून आला. अंधारात, आवाज ऐकू येत नसला तरी दिसावं म्हणून. आपल्याकडं चोपदारानं तो पळवला. मराठीत 'लाल दिव्याची गाडी मिळाली' याचा अर्थ काय होतो? अमुक साहेब मंत्री झाले, किंवा महामंडळावर लागले. कुणाच्या घरी आग लागली असा होत नाही. भाषेनं निकाल कधीच देऊन टाकला होता.

आणि दिवे आपल्या दोन जिल्ह्यांत भरपूर होते. शंकरराव चव्हाण नांदेडचे, १९७५ ला मुख्यमंत्री, पुन्हा १९८६ ला. शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ ला. विलासराव देशमुख १९९९ ला आणि २००४ ला. अशोकराव चव्हाण २००८ ला. शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष, पुढं देशाचे गृहमंत्री. दोन शेजारच्या जिल्ह्यांतून चार मुख्यमंत्री, त्यात लातूर जिल्हा झाला तोच १९८२ ला. याचा आपल्याला अभिमान आहे, असावाही. पण त्याचा रस्त्यावरचा परिणाम असा की इथल्या दोन पिढ्या ताफे बघत वाढल्या. पुढं पायलट गाडी, मागं दहा-पंधरा गाड्या. त्यांतल्या निम्म्या कार्यकर्त्यांच्या, ज्यांचा बंदोबस्ताशी काही संबंध नाही. ताफ्याच्या शेपटाला लागलेली गाडीही सिग्नल तोडते आणि हवालदार तिलाही सलाम ठोकतो, कारण आत कोण असेल सांगता येत नाही.

इथं थोडं थांबतो, कारण किल्लारीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय लातूरमध्ये मांडताच येत नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र संपत आलेली, पहाटे चार वाजायला काही मिनिटं कमी. जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जमीनदोस्त झाली, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर पडल्या. अशा वेळी रस्ता म्हणजे काय असतो ते तिथं कळलं. जखमींना लातूरला न्यायचं, सोलापूरला न्यायचं. लष्कराच्या गाड्या आत यायच्या, ढिगारा उपसायची यंत्रं यायची. त्यात पाऊस. आणि त्याच औसा-उमरग्याकडच्या अरुंद रस्त्यांवर बघायला आलेल्यांच्या गाड्या. कुणी खरंच मदतीला आलेलं, कुणी नुसतं बघायला. बाहेरून दोघांच्या गाड्या सारख्याच दिसतात.

त्या वेळचे मुख्यमंत्री शरद पवार. त्यांनी पुढं सांगितलेली एक गोष्ट मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची वाटते. पंतप्रधान नरसिंह राव यांना लातूरला यायचं होतं, आणि पवारांनी त्यांना विनंती केली की दहा दिवस येऊ नका. कारण तुम्ही आलात की सगळी यंत्रणा तुमच्यामागं लागेल. २०२१ च्या कोकणातल्या महापुरात नेत्यांच्या दौऱ्यांची रांग लागली तेव्हा पवारांनी पत्रकारांसमोर ही आठवण काढली. पवारांच्या राजकारणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, हा निर्णय शंभर नंबरी होता. चोपदारानं घंटेसाठी रस्ता सोडला, असं लेखी-तोंडी सांगता येईल असं उदाहरण आपल्याकडं फार थोडं आहे. मला तरी दुसरं चटकन आठवत नाही.

यानंतर कायद्यात काय झालं ते भराभर सांगतो. १० डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती सिंघवी यांच्या पीठानं, अभय सिंह प्रकरणात लाल दिवा घटनात्मक पदांपुरता मर्यादित केला आणि अनेक सुरांचे कर्णे काढायला सांगितले. तेव्हा दिवे पिवळे झाले, निळे झाले, डॅशबोर्डच्या आत गेले, पण गेले नाहीत. मग एप्रिल २०१७ मध्ये केंद्रानं ठरवलं की राष्ट्रपती-पंतप्रधानांसकट कुणालाच दिवा नाही. अंमल १ मे पासून, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनी. दिवा उरला तो आग, रुग्णवाहिका, पोलीस, आपत्ती निवारण अशा कामांपुरता. त्याच वर्षी जूनमध्ये वाहन चालवण्याचे नवे विनियम आले. त्यांत स्पष्ट आहे की तातडीच्या कामावर असलेली गाडी लाल सिग्नल ओलांडू शकते, वेगमर्यादा ओलांडू शकते, उलट्या दिशेनंही जाऊ शकते. पण जीव वाचवायला, मोठं नुकसान टाळायला किंवा कायदा-सुव्यवस्थेसाठी, आणि तेही पुरेशी काळजी घेऊन. साहेबाला बैठकीला उशीर झाला, हे त्यात कुठं बसत नाही. शिपायाला डबा आणायचाय, हेही बसत नाही.

आणि २०१९ च्या दुरुस्तीतली दोन कलमं. एक सगळ्यांना माहीत आहे: १९४-ई. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर दहा हजार दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही. दुसरं फारसं कुणाला माहीत नाही: २१०-बी. हा कायदा राबवायचा अधिकार ज्याला आहे, त्यानंच तो मोडला तर दंड दुप्पट. हेल्मेट नसेल तर कायद्यात हजार रुपये; ट्रॅफिक हवालदाराला दोन हजार. सभागृहात हसू आलं, साहजिक आहे. पावती फाडायची कुणी, हाच प्रश्न ना? पण हे कलम छापलेलं आहे, लागू आहे, आणि त्यामागचा विचार निजामी रीतीच्या बरोबर उलटा आहे. तिथं अधिकार जितका मोठा तितकी सूट मोठी. इथं अधिकार आहे म्हणून दंड मोठा.

रीत कशी टिकते त्याची दोन उदाहरणं. २०१८ मध्ये माहिती अधिकारातून कळलं की मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांवर मुंबईच्या सागरी सेतूवर वेगाची तेरा चलनं निघाली होती आणि ती रद्द झाली, कारण सुरक्षेची गाडी. आता सुरक्षेचं कारण खोटं नसतं, हे मी मान्य करतो. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याची गाडी सिग्नलला उभी राहू नये, हे समजण्यासारखं आहे. पण मग ती तिसरी गोष्ट झाली, मानही नाही आणि आगही नाही, आणि तिची व्याख्या वेगळी करून लोकांना सांगायला हवी. दुसरं उदाहरण २०२४ चं, पुण्यातलं. प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी, खासगी ऑडी गाडी, तिच्यावर दिवा आणि 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी, आणि त्याच गाडीवर वीसेक चलनं थकलेली. ज्या पिढीनं लाल दिवा कायद्यानं गेलेला पाहिला, त्याच पिढीतली व्यक्ती. दिवा बाजारात काही हजारांत मिळतो हो. त्याची हौस मात्र पिढीजात येते.

आता ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही त्याच्याबद्दल बोलतो. स्टिअरिंगवरचा माणूस. पोलीस दलात पद असतं 'पोलीस शिपाई चालक'. मागच्या सीटवरून "घे पुढं" असं म्हणणाऱ्याचं नाव कागदावर येत नाही. अपघात झाला की बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हा, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं २७९ आणि ३०४-अ, आता न्याय संहितेचं २८१ आणि १०६, लागतो तो चालकाला. १४ ऑगस्ट २०२२ ला पहाटे विनायक मेटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेले. बीडचा नेता, मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी रातोरात मुंबईकडं निघालेला. त्यांच्या चालकाचं म्हणणं होतं की अपघातानंतर बराच वेळ मदत मिळाली नाही. पुढं गुन्हे अन्वेषण विभागाच्या चौकशीनंतर गुन्हा नोंदला गेला तो चालकावरच. चालकाची चूक असेलही, ते ठरवायला न्यायालय आहे. मी इतकंच म्हणतो की मराठवाड्यातून मुंबईला रात्रभर पळत जाऊन सकाळच्या बैठकीला हजर राहायचं, हे वेळापत्रक चालकानं केलेलं नसतं.

त्याआधी ३ जून २०१४. गोपीनाथराव मुंडे, सकाळी सहा-सव्वासहा, दिल्लीतला एक चौक, विमानतळाकडं जाताना. ना पायलट गाडी, ना सायरन. मागच्या सीटवर बसलेले, पट्टा नाही. मागच्या सीटचा पट्टा हा नुसता दाखवण्यापुरता नसतो, हे तेव्हा डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीर सांगितलं होतं. आमच्याकडं पट्टा लावणं म्हणजे भित्रेपणा, आणि साहेबानं लावणं म्हणजे कमीपणा. परळीला अंत्यसंस्काराला जमलेली गर्दी आठवा. त्या गर्दीतल्या किती गाड्यांत परतताना मागच्या सीटचा पट्टा लागला असेल?

शेवटी रुग्णवाहिका. राज्यात १०८ ची सेवा २०१४ ला सुरू झाली, ९३७ गाड्यांनी. गंमत बघा, या सेवेतल्या चालकालाही 'पायलट' म्हणतात आणि मंत्र्याच्या पुढच्या गाडीलाही 'पायलट' म्हणतात. किनवट-माहूरकडचा रुग्ण नांदेडला आणायचा तर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. नांदेडचं शासकीय रुग्णालय पूर्वी वजिराबादला, गावात होतं. आता विष्णुपुरीला, शहराबाहेर. म्हणजे शहर पार करून जायचं. लातूरला गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. हैदराबादच्या रचनाकारानं तो बाजार बैलगाड्यांच्या हिशेबानं आखला होता. सुंदर रचना आहे, पण आतल्या गल्लीतून पेशंट काढायचा तर पायलटच्या कपाळाला घाम येतो.

आणि एक गैरसमज दूर करतो. गाडीत पेशंट नाही आणि सायरन वाजतोय, म्हणजे ड्रायव्हर लबाड, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पेशंटला आणायला जाणारी गाडीही तितक्याच घाईत असते, किंबहुना जास्त, कारण तिथं अजून ऑक्सिजनही पोचलेला नाही. लबाडी असते, नाही असं नाही. खासगी रुग्णवाहिकेतून पाहुणे नेल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात. पण बाहेर उभ्या माणसाला खरा सायरन आणि खोटा सायरन ओळखता येत नाही. ताफ्याचा, हौसेचा, डब्याचा, असे इतके खोटे सायरन त्यानं ऐकलेले असतात की खऱ्याला तो रस्ता सोडत नाही, किंवा सोडतो आणि लगेच त्याच्याच मागं आपली गाडी लावतो.

वेळ संपली, प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न : पोलिसाची गाडी विनाकारण नियम मोडताना दिसली तर सामान्य माणसानं करायचं काय? भांडलं तर आपल्यावरच केस होते.)

भांडू नका, रस्त्यावर तर मुळीच नको. नंबर, वेळ, चौक, आणि सायरन-दिवा चालू होता की बंद, एवढं लिहून ठेवा. दिवा-सायरन बंद असेल तर विनियमातली सूट लागू करून घेणं त्यांना अवघड जातं. फोटो असेल तर वाहतूक विभागाच्या ॲपवर तक्रार टाकता येते. आणि मी इतिहासाचा माणूस आहे, म्हणून माझ्या धंद्यातलं सांगतो: प्रत्येक सरकारी गाडीला लॉगबुक असतं. किती वाजता निघाली, किती किलोमीटर, कशासाठी, आणि खाली अधिकाऱ्याची सही. माहिती अधिकारात त्या दिवसाचं पान मागा. पानावर 'बंदोबस्त' लिहिलेलं असेल तर कुठला बंदोबस्त, हा पुढचा अर्ज. निजामाच्या काळातला साहेबाचा दौरा आपल्याला कळतो तो कागदांतूनच. आजचे कागद निदान मागितले तर मिळतात. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, आणि पोच घ्यायला विसरू नका.